जाळीत गुंडाळलेलं शेवाळ

आमच्या गुजराती कॉलेजात तिसऱ्या वर्षाला प्रत्येकाला एक सेमिनार द्यावा लागे. माझा विषय मी निवडलेला नव्हता. बेन (शिकवणाऱ्या बाईंना आम्ही बेनच म्हणायचो) यादी घेऊन बसल्या तेव्हा मी शेवटच्या बाकावर होते. माझी पाळी येईपर्यंत एकच विषय उरला होता: समुद्रातल्या गोगलगाईचं खाणं तिची चेतासंस्था कशी ताब्यात ठेवते. बेननी झेरॉक्सचा गठ्ठा हातात दिला. सगळं इंग्रजीत होतं. माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "वांची लेजे, बीती नहीं." वाचून घे, घाबरू नकोस.

त्याच आठवड्यात, बुधवारी आबांना दवाखान्यातून घरी आणलं.

माझे वडील पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या जेट मशीनवर होते. कामावरच कोसळले. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दवाखान्यात नाकातून नळी घातली होती, ती त्यांनी डाव्या हाताने दोनदा ओढून काढली. मग डॉक्टर म्हणाले, "घरी नेऊन पाहा. बसवून, थोडं थोडं द्या. सोमवारी परत आणा. तोवर तोंडाने काही गेलं नाही तर नळी घालू, हात बांधून."

हात बांधून हे शब्द ऐकल्यावर मायने घरी येईपर्यंत आबांचा डावा हात सोडला नाही.

आमच्या गल्लीत बहुतेक घरं खानदेशातली. आमच्याच गावची दहा-बारा. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जायचं नाही आणि नुसतं बघून परतायचं नाही, ही आमच्या लोकांची रीत. जो येईल तो आपल्या हाताने एक घास भरवणार. त्यात माया असते आणि नाही म्हटलं तर अपमान असतो. बुधवारी संध्याकाळपासून लोक येऊ लागले. कोणी दुधात चुरलेली बिस्किटं आणली, कोणी डाळीचं पाणी, कोणी चहा. आजारी माणसाला पातळ द्यावं, ते सहज उतरतं, हे सगळ्यांना ठाऊकच होतं. मलाही ठाऊक होतं. पहिला चमचा मीच दिला, दुधाचा.

आबांना ठसका लागला. डोळे लाल झाले, दूध नाकातून आलं. माय पाठ चोळत राहिली. ठसका थांबला तसा पुढच्या माणसाने चमचा पुढे केला.

गुरुवारी ते प्रत्येक घासाला तोंड उघडत होते आणि प्रत्येक घासाला ठसकत होते. शुक्रवारी सकाळी चमचा ओठाला लागला की ते मान फिरवायला लागले. दुपारी भेस्तानहून आत्या आली. आबांची थोरली बहीण. तिने दोन बोटांनी त्यांचे गाल दाबले आणि चहा आत सोडला. तो अर्धा तिच्याच पदरावर आला.

"लहानपनीबी असाच व्हता," ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "मार खायाशिवाय जेवे नही." मग बाहेर ओट्यावर जाऊन रडली.

शनिवारी मी कॉलेजला गेले नाही. माय आबांचं अंग पुसत होती आणि मी खाटेशेजारी डिक्शनरी घेऊन त्या झेरॉक्स वाचत होते. वाचत होते कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. त्या गोगलगाईला आपल्यासारखा मेंदू नसतो. चेतापेशींच्या काही गाठी असतात. तोंडाजवळची गाठ चावायला आणि गिळायला लावते. शेवाळाचा वास आला की ती जागी होते, पोट ताणलं की गप्प होते. हे मी वहीत गुजरातीत लिहून घेतलं, कारण बोलायचं गुजरातीत होतं.

मग तो प्रयोग आला. शेवाळ बारीक जाळीत गुंडाळून तिला दिलं. वास तोच, चवही तीच. तिने तोंडात घेतलं, गिळायला गेली, गिळता येईना. बाहेर टाकलं, पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. असं होत होत ती थांबली. नंतर ते शेवाळ ओठांना लावलं तरी तिने तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भूक गेली होती म्हणून नव्हे. नुसतं ओठांना लावल्यानेही ती शिकत नव्हती. गिळायला जाणं आणि न जमणं, दोन्ही मिळून तिला शिकवत होतं.

मी ते वाक्य तीन वेळा वाचलं. इंग्रजी कच्चं होतं म्हणून आधी वाटलं, मलाच चुकीचं कळलंय.

आबा माझ्याकडे बघत होते. ओठ घट्ट मिटलेले. सगळे म्हणत होते त्यांनी हट्ट धरलाय, जगायचं सोडलंय. माय तेच धरून बसली होती. आणि मला पहिल्यांदा वाटलं की आम्ही शिकवलंय त्यांना हे. तीन दिवस, रांगेने, मायेने. आधी मीच.

माणूस म्हणजे गोगलगाय नव्हे, एवढं मला कळत होतं. पण सोमवार परवावर आला होता.

चौकातल्या पीसीओवरून मी बेनच्या घरी फोन लावला. काय विचारायचं तेच नीट जमेना. त्या आधी रागावल्याच. "जो, हे बघ, मी डॉक्टर नाही. बापावर प्रयोग करायचा नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "देता काय त्यांना?"

"दूध. चहा. डाळीचं पाणी."

"सगळं पातळ?" त्या म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांना असंच झालं होतं. पाण्याने जीव जायची वेळ यायची. शिरा मात्र उतरायचा. दवाखान्यात विचार."

दवाखान्याचा नंबर लागला नाही. मग मी चालत गेले. बाह्यरुग्ण विभाग बंद झाला होता. एका सिस्टरने उभ्या उभ्या ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घट्ट देऊन बघ, पण सरळ बसवून. आणि थकला असेल तर आधी थांब. ठसक्यावर ठसका नको."

मी घरी येऊन सांगितलं, उद्या दुपारपर्यंत आबांना कोणीही काही भरवायचं नाही. फक्त ओठ ओल्या कापडाने पुसायचे.

आत्या उठून उभी राहिली. "नही खाई ते जगी कसा?"

"दमलेत ते आत्या. घसा दमलाय."

"तुले कोनी सांगं?"

नुसतं सिस्टरचं नाव पुढे करता आलं असतं. मी गोगलगाईचं सांगत बसले. जाळी, शेवाळ, सगळं.

आत्याने दाराकडे बघून, ओट्यावरच्या बायांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आयका व माय! कालेजमा गोगलगाय शिकनी नि आते बापले उपाशी मारस!"

कोणीतरी हसलं. मी मायकडे बघितलं. ती नाही म्हणाली असती तर मी लगेच ऐकलं असतं, हे आज कबूल करते. मायने फडकं पिळलं आणि म्हणाली, "दार लोटी ले."

दार लोटलं तरी लोक आले. माझ्याच शाळेतल्या मैत्रिणीची आई डबा घेऊन आली होती. मी उंबऱ्यात उभं राहून तिला सांगितलं, "आज भरवायचं नाही, मावशी." ती डबा न देता परत गेली. त्या घराशी पुढे कितीतरी दिवस बोलणं नव्हतं.

रविवारी सकाळी आबांचे गाल जास्तच बसल्यासारखे दिसले. मी त्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, अंगातलं पाणी आटल्यासारखी. तेव्हा मी खरी घाबरले. पुस्तकातली गोगलगाय चुकली तर दुसरी आणता येते. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले, आवाज येऊ नये म्हणून. दुपारपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, पण दहालाच मी मायला म्हटलं, "कर काहीतरी. घट्ट."

मायने ज्वारीच्या पिठाचा घाटा केला, मऊ, चमच्यावर उभा राहील असा. आम्ही आबांना भिंतीला टेकवून उशा लावून सरळ बसवलं. मी ताटली त्यांच्या मांडीवर ठेवली. चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवून खाली बघत बसले.

आत्या दारात उभी होती.

बराच वेळ काहीच झालं नाही. घाट्याची वाफ गेली. मग चमचा ताटलीला लागल्याचा आवाज आला, तशी मी नजर वर केली. आबांनी थोडासा घाटा ओठांपर्यंत नेला, थांबले, वास घेतला असावा. तोंड उघडलं. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. गाठ वर गेली आणि खाली आली.

ठसका नाही.

दुसऱ्यांदा चमचा कलला, अर्धा घाटा छातीवर पडला, उरलेला गेला. तिसराही गेला, पण गिळायला वेळ लागला, आणि गिळून झाल्यावर घशात किंचित खरखर झाली. आत्या पुढे आली. "आखो दे, आखो एक!" आणखी दे, आणखी एक. मायही चमच्याकडे हात नेत होती.

मी ताटली उचलली.

"काय करस?" आत्या ओरडली.

चौथा घास अडकला असता की नाही, मला माहीत नव्हतं. आजही नाही. एवढंच वाटलं की जमलेल्यावर थांबावं. मी ताटली मायच्या हातात दिली.

आबांनी आमच्याकडे बघितलं, ताटलीकडे बघितलं. मग रागाने डावा हात खाटेच्या लाकडावर आपटला, एकदा, दोनदा, आणि तोंड उघडून, उघडंच ठेवून, घाट्यासाठी मान पुढे काढली.