धुराचे रुमाल

गॅरेज बंद करून वर्षं लोटली, तरी गल्लीत त्यांना सगळे अजून धूरवालेच म्हणत. नाव पडलं ते त्यांच्या एका सवयीमुळे. गाडी तेल खाते अशी तक्रार घेऊन कोणी आलं, की ते आधी गाडीखाली वाकून बघत. खाली टिपूस नसेल तर तेल आतच जळतंय, हे उघड. मग पान्याला हात लावण्याआधी ते खिशातला पांढरा रुमाल काढून सायलेन्सरच्या तोंडाशी धरत. धुराची साक्ष आधी, दुरुस्ती नंतर.

बायको म्हणायची, "सर्दी लोकांच्या गाड्यांना होते आणि रुमाल माझ्या मोरीत येतात."

आता ते रुमाल कपाटात घडी घालून पडले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की धूरवाले विषय बदलत. अशात एका सकाळी ओळखीचा हॉर्न वाजला. थोरली बहीण भावोजींची जुनी गाडी घेऊन दारात आली होती, स्वतः चालवत. मागोमाग भाचा मोटारसायकलवर.

ताईला गाडी शिकवली होती भावोजींनी, घराशेजारच्या याच गॅरेजसमोरच्या मोकळ्या जागेत. पहिल्याच दिवशी तिने मागे घेताना गॅरेजच्या पत्र्याच्या दाराला धडक दिली. दाराला पोचा पडला. भावोजी खाली उतरले, पोच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मेहुण्याच्या धंद्यावर आमच्या घराण्याचा शिक्का बसला." धूरवाल्यांनी तो पोचा कधी काढला नाही. पुढे ताई गाडी मागे घेऊ लागली की भावोजी दर वेळी बजावत, "दार आहे मागे. आमचंच आहे, पण सांभाळून." दर सुट्टीला चौघं मिळून त्या गाडीतून भटकायचे. पुढे दोघे पुरुष, मागे नणंद-भावजय, आणि मागच्या गप्पांपुढे इंजिनाचा आवाज ऐकू यायचा नाही.

"मामा, आई हिला डब्यावर डबे तेल पाजतेय," भाचा म्हणाला. "वर्कशॉपवाले म्हणतात रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल. आता या गाडीवर एवढं कोण करत बसणार? सोमवारी भंगारवाला येतोय."

"आणि मला कुठे जायचं झालं तर?" ताईने विचारलं.

"मी आहे ना."

"आहेस की. रविवारी."

धूरवाले बहिणीकडे बघत राहिले. भावोजी गेल्यावर ती घरात कोंडून बसली नाही, ती या चार चाकांच्या जोरावर.

रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, गेल्या असतील तर भाच्याचंच खरं होतं. सगळं इंजिन उतरवण्याची ताकद आता धूरवाल्यांच्या अंगात नव्हती. पण दोष व्हॉल्व्हच्या सीलमध्ये असला तर गोष्ट वेगळी. सील म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवरची छोटी रबरी टोपी. ती कडक झाली की गाडी उभी असताना तेल हळूहळू आत उतरतं आणि सकाळी चालू करताच जळून जातं. रिंगा गेल्या असल्या तर मात्र गाडीने जोर लावला की प्रत्येक वेळी तेलाचा धूर निघतो.

"गाडी आज इथेच राहू दे," ते म्हणाले. "ताई, तूही राहा."

दुसऱ्या दिवशी ताईने चावी फिरवली आणि त्यांनी पहिल्या धुरावर एक रुमाल धरला. इंजिन चांगलं तापल्यावर दुसरा घेतला. "पाय दाब, ताई. अजून दाब." मग दोन्ही रुमाल घेऊन ते उजेडात गेले. डोळ्यांजवळ आणले, लांब धरले. दोन्हींवर सारखंच धुकं दिसत होतं.

"काय म्हणतोय धूर?" भाच्याने विचारलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच धूर त्यांच्याशी बोलत नव्हता.

बायको मोरीतून हात पुसत आली आणि तिने दोन्ही रुमाल त्यांच्या हातातून काढून घेतले. दुसरा झटकला. काजळी भुरभुरत खाली पडली. पहिला झटकला, तर डाग जागचा हलला नाही. तिने तो बोटांत चोळला.

"हा चिकट आहे. गरम पाण्याला, साबणाला, कशालाच दाद देणार नाही. दुसरा कोरडा. अशी जोडी धुवायला आली की तुम्ही म्हणायचात, सीलचं काम आहे, जेवायला घरी येतो."

"आणि रिंगांचं असलं की?" ताईने विचारलं.

"तेव्हा दोन्ही रुमाल चिकट, वन्सं. आणि ताट झाकून ठेवावं लागायचं."

धूरवाले हसले. बाह्या दुमडत म्हणाले, "अगं, तुझी कपडे वाळत घालायची दोरी दे. सुती आहे ना?"

"आता दोरीही गाडीला?"

"काम झालं की नवी आणतो."

त्यांनी प्लगच्या भोकातून दोरी आत सारली आणि पिस्टन वर आणला. दोरी व्हॉल्व्हखाली दाटून बसली, आणि व्हॉल्व्ह आत पडायची भीती उरली नाही. इंजिन न उतरवता वरूनच स्प्रिंगा सोडवता आल्या. स्प्रिंगा अडकवणाऱ्या बारीक खिट्ट्या भाचा टिपून ठेवत होता. बाकीचं त्यांची बोटंच बघत होती. जुनी सीलं निघाली ती वाळक्या सालीसारखी कडक; त्यांच्या जागी भाच्याने बाजारातून आणलेली नवी बसली. जवळच स्टुलावर बसून ताई भावोजींच्या गोष्टी सांगत होती, आणि भाच्याने त्यातल्या बऱ्याच पहिल्यांदा ऐकल्या. त्या दिवशी सगळे वेळेवर जेवले.

पुढच्या सकाळी पहिला रुमाल बायकोनेच धरला. झटकला. "कोरडा," ती म्हणाली.

तेवढ्यात भाच्याचा फोन वाजला. "आई, भंगारवाला विचारतोय, उद्या नक्की ना? काय सांगू?"

"सांग, गाडी बाहेर गेलीय." ताईने भावजयीला पुढे बसवलं आणि भावाला मागे.

गाडी हळूहळू मागे सरकू लागली. दाराचा पोचा काचेजवळ आला, आणि धूरवाल्यांच्या तोंडून भावोजींचेच शब्द निघाले, "दार आहे मागे. आमचंच आहे, पण सांभाळून."

ताईने आरशात बघितलं आणि दार वाचवून गाडी रस्त्याला लावली.