काकी माहेरी गेली नव्हती

सुमनकाकी गेली तेव्हा मी शिरूरला होते, कॉलेजच्या होस्टेलवर. आईचा फोन आला. "काकी गेली तुझी," ती म्हणाली. आदल्याच रविवारी मी दौंडच्या दवाखान्यात तिला भेटून आले होते. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. काका औषधं आणायला खाली गेले, तसं तिनं माझं मनगट धरलं. "मी मेल्यावर म्हणतील, दारूनं मेली," ती म्हणाली. "लिव्हर दारूनंच गेलं, ते खरं हाय. पण मी सोडली व्हती. सोडून मेले. कुणीतरी तेवढं म्हणाय पायजे गं." मी मान हलवली. कुठं म्हणायचं, कुणापुढं, ते मला सुचलं नाही.

सुमनकाकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. माहेर पाबळचं, सासर कासुर्डीजवळ आमच्या मळ्यात. पहिल्या बाळंतपणात अंगात ऊब राहावी म्हणून घरच्यांनीच तिला चमचाभर ब्रँडी दिली. आमच्याकडे देतात. बाळ वाचलं नाही. काकीला झोप लागेना, मग चमच्याची वाटी झाली... आधी काकांच्या कपाटातली, नंतर मजुरांकडून गुपचूप मागवलेली. मी शाळेत असताना ती भर दुपारी दार लावून झोपायची आणि आम्ही पोरांनी आवाज करायचा नाही, एवढंच मला कळायचं. काका पितात हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. काकीचं मात्र आमच्या घरानं झाकून ठेवलं.

शेवटी तीच म्हणाली, मला कुठंतरी नेऊन टाका. पुण्याच्या बाजूला बायकांसाठी एक व्यसनमुक्ती केंद्र होतं, तिथं तिला ठेवलं. गावात सांगितलं, माहेरी गेली. तिच्या भावालाही तसंच पढवलं. परत आली ती वाळून. मला वाटलं, संपलं आता, बरी झाली. पण खरं अवघड तिथून पुढं होतं. घरात कुणी तिच्या डोळ्यांत बघून बोलत नव्हतं, सगळे तिच्या हातांकडे बघायचे. खोकल्याचं औषधसुद्धा कुलपात. आई काहीतरी निमित्त काढून तिच्याजवळ जायची आणि हळूच श्वास ओढायची. एकदा काकीनंच आईपुढं तोंड उघडलं.

"हुंगा आक्का, नीट हुंगा. आज कांदा खाल्लाय, उगं घोटाळा नको."

मला हसू आलं. आईला नाही. "तुला गंमत वाटती व्हय सुमन? माझ्या जिवाला घोर लागलाय."

"मला बी हाय की घोर," काकी म्हणाली. "तुमी हुंगून मोकळ्या व्हता. मला दिसभर माझ्यासंगंच ऱ्हावं लागतंय."

मध्ये एका दिवाळीत ती घसरली. सकाळी उठून तिनंच आईला सांगितलं. आईनं कपाळावर हात मारून घेतला, पण त्या दिवसापासून तिचा वास घेणं बंद केलं. मी विचारलं तर म्हणाली, "सांगती की ती आपणहून. मग कशाला?" त्यानंतर काकीनं कधीच घेतली नाही. हे मी खात्रीनं लिहिते आहे.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवले. कावळा शिवेना. दोन कावळे बाभळीवर बसलेले, पण खाली उतरत नव्हते. ऊन चढत गेलं. तिची काय इच्छा राहिली असंल ती बोल, शब्द दे, असं भावकीतले लोक काकांना सांगू लागले. काकांनी हात जोडले, "वर्षश्राद्ध नीट करीन. तुझ्या भावाला अंतर देणार न्हाई." कावळे तसेच. मग भावकीतले एक म्हातारे आप्पा मोठ्यानं म्हणाले, "आरं, इच्छा काय ते समद्यांना ठावं हाय. आना एक चपटी, शिंपडा पिंडाव. बगा कसा येतोय."

"आप्पा, कावळा झिंगून पडायचा," मागून कुणीतरी म्हणालं. हसू पसरलं. काकांनी मान खाली घातली, पण नको म्हणाले नाहीत. एका पोरानं मोटारसायकलला किक मारली. मी बायकांत बसले होते. आईच्या कानाशी लागून तिला काकीचं दवाखान्यातलं बोलणं सांगितलं. आई ऐकता ऐकताच उठली, पदर सारखा केला आणि पुरुषांमधून वाट काढत थेट पिंडापाशी गेली.

"गाडी बंद कर रं." मग आप्पांकडं वळून, "आप्पा, तुमी मोठं हाय. पण बाटली हितं येणार न्हाई. जितेपणी सोडलेली मेल्यावर पाजता व्हय तिला?"

"आगं, पण कावळा..."

"न्हाई शिवला तर न्हाई शिवू दे." तिनं पिंडापुढं हात जोडले. "सुमन, तू माहेरी गेली न्हवतीस. दारू सोडाय गेली व्हतीस, आन् सोडलीस. हे मी समद्यांना सांगीन. शब्द देते."

"वहिनी..." काका एवढंच म्हणाले.

कावळा त्यानंतरही आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकले. परतताना आईशी कुणी बोललं नाही.

आईनं शब्द पाळला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ती चहा देते आणि तेच सांगते. वडील एकदा चिडले, "बास कर आता, पोरीचं लगीन व्हायचंय." आई थांबली नाही.

मागच्या आठवड्यात मी घरी होते. काकी म्हणायची, दिवस मावळताना जीव सगळ्यात जास्त ओढ घेतो, त्या वक्ताला हात पिठात असावेत. म्हणून रोज त्याच वेळी ती चुलीच्या डाव्या अंगाला भाकरी थापायला बसायची. ती जागा आई अजून रिकामी ठेवते, मलाही बसू देत नाही. त्या संध्याकाळी शेजारच्या वस्तीवरची एक सून आली होती. बाकीच्या बायका गेल्या तरी ती उठेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत होती.

"काकूंना तिथं, त्या केंद्रात... मारत न्हवते ना वो?" तिनं हळूच विचारलं.

"न्हाई गं," आई म्हणाली. कुणासाठी विचारतेस, असं आई विचारेल म्हणून मी थांबले... आईनं विचारलं नाही. तिला डाव्या अंगाला बसवलं आणि पिठाची परात तिच्यापुढं सरकवली.