वुशीला सगळं शिकवून आलेला माणूस

काकूचा फोन आला तेव्हा मी व्हँकुव्हरला ऑफिसात होते. "अगं, काका गेले," एवढंच ती म्हणाली, आणि मागे तिच्या स्वयंपाकघरातल्या पंख्याची घरघर ऐकू येत राहिली... शरदकाका म्हणजे माझ्या बाबांचे भाऊ. मी टोरांटोला शिकायला आले तेव्हा जवळच व्हिटबीच्या त्यांच्या घरात, बेसमेंटमध्ये, चार वर्षं राहिले. शेवटची तीन वर्षं ते एका हार्डवेअरच्या दुकानात नळ आणि पाइप विकत होते. तिथेच, कामावर असताना, ते कोसळले. शोकसभेला त्यांच्या जुन्या कंपनीतला मॅनेजर आला होता. "शरद वॉज अवर ब्रिज टू चायना," असं तो म्हणाला आणि लोकांनी माना डोलावल्या. काकू शालीच्या दशा मोजल्यासारख्या बोटांतून ओढत होती. पाच-सहा आठवडे झाले, पण माझा त्या वाक्यावरचा राग गेलेला नाही.

काका इचलकरंजीचे. वडील मागावर फिटर, त्यामुळे यंत्राचा आवाज लहानपणापासून कानात. व्हिटबीला ते पंप बनवणाऱ्या कारखान्यात होते. कारखान्याच्या पार्किंगमधून ओंटारिओ सरोवर दिसायचं. कंपनीने चीनमध्ये वुशीला दुसरा कारखाना काढायचं ठरवलं आणि तिथली माणसं तयार करायला काकांना पाठवलं. दर खेपेला तीन आठवडे. परत आले की जेवणाच्या टेबलावर वुशी. शांघायहून गाडीने दोनेक तास; ताईहू नावाचं तळं इतकं मोठं, की पलीकडचा काठ दिसत नाही, पण खोली जेमतेम पुरुषभर. "मी उभा राहिलो तर टोपी ओली होईल, बास," ते म्हणायचे. गावाबाहेरच्या टेकडीत एके काळी कथील निघायचं म्हणतात. ते संपलं, तेव्हा गावाला 'कथील नाही' असंच नाव पडलं. त्याने गावाचं काही अडलं नाही. भर वस्तीतून जुना मोठा कालवा जातो, त्याच्यावरून तांदूळ गेला, रेशीम गेलं, मग सूतगिरण्या आल्या, मग खेड्याखेड्यांतून छोटे कारखाने, आणि आता परदेशी कंपन्यांच्या रांगा. "आमच्या इचलकरंजीला असा कालवा आणि असं तळं मिळालं असतं ना..." इथे ते थांबायचे. वाक्य कधी पुरं केलं नाही.

ते शाकाहारी. तिथे मटणसुद्धा गोड करतात म्हणून काकू हसायची. पण गव्हाच्या पिठातला चिवट भाग तळून केलेले पोकळ गोळे ही वुशीची खासियत, आणि त्यावर त्यांचं भागायचं. चेन नावाचा एक तरुण इंजिनिअर रोज डब्यात ते गोळे आणायचा. तो काकांना 'शिफू' म्हणायचा, आपल्याकडे कारखान्यात उस्ताद म्हणतात तसं. एका मे महिन्यात ताईहूवर शेवाळाची हिरवी साय धरली आणि शहरभर नळाला कुजका वास येऊ लागला. काका तिथेच होते. फोनवर म्हणाले, "बाटलीच्या पाण्याने दात घासतोय. ज्यांनी घाण सोडली तेच आता पाणी साफ करायला पंप मागतायत. ऑर्डरी बघ कशा वाढतील!" आणि हसले. ऑर्डरी वाढल्या. सगळ्या वुशीतच बनल्या.

काकूला हे आधी कळलं होतं. ती भारतात असताना बँकेत कॅशिअर होती. एका रविवारी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, सगळं नका शिकवू. थोडं हातात ठेवा."

"म्हणजे काय करू? पंप गळका जोडायला शिकवू?"

"गळका नको. तुमचा तो कान तरी ठेवा तुमच्याकडे."

कान म्हणजे त्यांची एक पद्धत होती. चालू पंपाच्या बेअरिंगला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडावर टेकवायची आणि आतला आवाज ऐकायचा. बिघाड व्हायच्या कितीतरी आधी त्यांना कळायचा. मॅन्युअलमध्ये हे कुठेच नव्हतं.

"तो तर चेनला पहिल्याच खेपेत दिला," काका म्हणाले. "पोराचा कान चांगला आहे गं. माझ्याहून चांगला."

काकूने पोळी तव्यावर आपटली. "मग आता त्यालाच ठेवतील."

"दोन्ही कारखाने बघायला एक माणूस लागेलच की त्यांना."

हा त्यांचा विश्वास होता, आणि त्याला पुरावाही त्यांनी शोधला. शेवटच्या खेपेला वुशीत मोठी मेजवानी झाली. काकांना दाराकडे तोंड करून बसवलं, तिथे ती मानाची जागा. चेनपासून बड्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी उभं राहून त्यांच्या नावाने पेले उचलले. काकांनी पीचचा रस उचलला. घरी येऊन ते वर्णन त्यांनी तीनदा केलं. "असं उगीच नाही बसवत कुणी," म्हणाले.   तो निरोप होता हे आम्हा दोघींना कळलं होतं... त्या वसंतात व्हिटबीचा कारखाना बंद झाला. मॅनेजरने काकांना बोलावून सांगितलं, तुम्ही इतकं उत्तम ट्रेनिंग दिलंत, की वुशीला आता आपल्या सपोर्टची गरजच उरलेली नाही. हे वाक्य काकांनी घरी जसंच्या तसं सांगितलं. सांगताना आवाजात थोडा अभिमान होता. तो मला सहन झाला नाही, अजून होत नाही.

शोकसभेनंतर मी काकूजवळ राहिले होते. एका सकाळी बेसमेंटमधला फोन वाजला. चेन होता. त्याला काही माहीत नव्हतं; त्याला शिफू हवे होते. मी सांगितलं.  मग तो जपून जपून इंग्रजीत बोलू लागला. वुशी आता महाग झाली. कंपनी देशात आत, तिथल्या मोठ्या नदीच्या वरच्या अंगाला, स्वस्त गावात चालली आहे. तिथल्या माणसांना शिकवायला त्यालाच पाठवतायत. "बायको म्हणते, थोडं राखून ठेव. मला शिफूंना विचारायचं होतं... त्यांनी आमच्यापासून काही राखून ठेवलं होतं का?"

काकू जिन्यात उभी होती. मी रिसीव्हरवर हात ठेवून तिला मराठीत सगळं सांगितलं. ती खाली आली आणि फोन माझ्या हातून घेतला. कुणाशी इंग्रजीत बोलायचं म्हटलं की ती एरवी काकांना पुढे करायची.

"चेन, लिसन," ती म्हणाली. "युअर शिफू केप्ट नथिंग. यू कीप. यू हिअर मी? यू कीप समथिंग."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. काकूने फोन जागेवर ठेवला आणि वर गेली. मी तिथेच बसून राहिले. काकांच्या कामाच्या बाकावर शेजाऱ्याच्या तळघरातला एक पंप उघडलेला आहे, दुरुस्तीला आणलेला. वॉशर, स्प्रिंग, सील, पाती, शाफ्ट, सगळं जुन्या चादरीवर डावीकडून उजवीकडे, जोडायच्या क्रमाने मांडलेलं. काका काम अर्धवट सोडून उठले की नेहमी तसंच मांडून ठेवायचे. मला पंपातलं काही कळत नाही. तरी तो मलाही जोडता येईल.