मागे बसायचं ठरलं होतं

सटाण्याच्या स्टँडवर नाशिकची पहिली गाडी लागली तेव्हा मी कधीचा येऊन उभा होतो. अजून नीट उजाडलंही नव्हतं. मला कुठेही जायचं असलं की हे असंच होतं. गाडी चुकेल, पंक्चर होईल, गर्दीत जागा मिळणार नाही, सगळं आधीच डोक्यात होऊन जातं. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण माझ्यावरूनच पडली असणार, असं आमची आई म्हणायची. खतं-बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला काळजीला एरवी आभाळ पुरतं. त्या रविवारची काळजी मात्र आभाळाची नव्हती. नाशकात माझी बायको शैला स्टेजवर बसणार होती, आणि पन्नाशी उलटून गेल्यावर मी आयुष्यातली पहिली मैफल ऐकायला निघालो होतो.

मुलगी कॉलेजला गेली आणि शैलाने गाणं शिकायला घेतलं. दर रविवारी एसटीने नाशिक, गंगापूर रोडला गाण्याच्या बाईंच्या घरी शिकवणी, संध्याकाळी परत. ती गाडीतून उतरेपर्यंत मी दुकानाच्या ओट्यावर येरझाऱ्या घालणार, हेही ठरलेलं. आज बाईंची सकाळची मैफल होती आणि शैला त्यांच्या मागे तंबोऱ्यावर साथीला. ती तयारीसाठी आदल्या दिवशीच गेली होती. मागे बसलेल्या शिष्येने नुसत्या तारा छेडायच्या नसतात, हे तिनेच मला समजावलं होतं. गाता गाता बाई मध्येच उजवा हात मागे नेतात आणि बोटं उघडतात. म्हणजे, आता तू गा. तेवढ्या वेळात शिष्येने आपलं गाणं मांडायचं आणि पुन्हा बाईंच्या स्वाधीन करायचं. आजवर बाईंनी तिच्याकडे हात केला नव्हता. आज करणार, असं सांगितलं होतं.

आणि माझ्या भीतीचं कारण गणपतीतलं होतं. आमच्या गल्लीच्या मंडळात शैलाचं गाणं ठेवलं होतं. पेटी वाजत राहिली, वाजतच राहिली, आणि शैलाचं तोंड काही उघडलं नाही. शेवटी ती उठून घरी आली. मी पहिल्या रांगेत होतो. घरी आल्यावर म्हणाली, “समोर तुमचा तो चेहरा! जसं काही मला ऑपरेशनला नेताहेत. तुमच्याकडे बघितलं आणि सूरच गेला माझा.” त्यानंतर कितीतरी दिवस दुकानात येणारा एखादा टोणगा विचारायचाच, “काय शेठ, वहिनींचं गाणं कधी सुरू होणार?” मी हसायचो. आतून जळायचो.

आदल्या दिवशी निघताना ती म्हणाली होती, “यायचं तर या. पण मागे बसा. मला दिसू नका.” मग पिशवीची चेन लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “उद्या जमलं नाही ना, तर पुढच्या रविवारपासून मी जायची नाही. पुरे झालं आता.”

देवळ्याला एक म्हातारी बोचकं घेऊन माझ्या शेजारी बसली. गाडी सुटल्यावर तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“कोठे जाई राहिनात भाऊ?” (कुठे चाललात?)

“नाशिकला. गाणं ऐकायला.”

“गाणं ऐकाले? कोनं?”

“आमची मंडळी गाणार आहे तिथं.”

तिने बोचकं मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, “गाणं ती म्हणस, मंग तुमी का घाम पुसी राहिनात?” (गाणं ती म्हणतेय, मग तुम्ही का घाम पुसताय?)

मी रुमाल खिशात घातला. भावडबारीच्या घाटात धुकं होतं आणि ड्रायव्हर एका हाताने तंबाखू मळत होता, त्यामुळे माझी काळजी थोडा वेळ तरी वाटली गेली. सोग्रस फाट्यावर गाडी हायवेला लागली. पिंपळगावच्या आसपास द्राक्षबागांवर ऊन आलं होतं. एरवी मी अशा बागांकडे दुकानदाराच्या नजरेने बघतो. त्या दिवशी नुसताच बघत बसलो आणि ओझर कधी गेलं ते कळलं नाही.

नाशकात उतरलो तेव्हा कार्यक्रमाला बराच अवकाश होता. स्टँडजवळ मिसळीच्या वासाने पाय थांबले. नाशकातली मिसळ म्हणजे काळ्या मसाल्याचा रस्सा, वर पापड, बाजूला दही. पोटात काही गेलं तर धीर येईल असं वाटलं. पहिला घास तोंडात, दुसरा शर्टावर. शैलाने खास इस्त्री करून ठेवलेला पांढरा शर्ट, आणि नेमका छातीवर लालभडक डाग. मी पाणी लावून चोळला तसा तो आणखी पसरला.

“दादा, चोळू नका, लय पसरतो तो,” वेटर म्हणाला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मनाशी म्हटलं, असू दे, आपल्याला मागेच तर बसायचंय.

हॉल गंगापूर रोडपासून आत एका शांत गल्लीत होता. बाहेर चपलांचा ढीग, आत पुढच्या भागात पांढऱ्या चादरी घातलेली बैठक आणि मागे खुर्च्या. शेवटच्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची मी दारातूनच हेरली. तिकडे वळलो तोच पैठणी नेसलेल्या एक कार्यकर्त्या बाई समोर आल्या.

“तुम्ही शैलाताईंचे मिस्टर ना? फोटोत पाहिलंय. या, या, तुमच्यासाठी पुढे जागा ठेवलीये.”

“नको, मी मागेच बरा आहे.”

“अहो, असं कसं! घरच्या माणसांनी मागे बसायचं?” त्यांनी माझं ऐकलंच नाही. बघता बघता मी पहिल्या रांगेत, स्टेजच्या बरोबर समोर, मांडी घालून बसलेला होतो. गणपतीत बसलो होतो तसाच. हातात कार्यक्रमाचं पत्रक होतं, ते मी आधी डागावर धरलं, मग तोंडासमोर, मग पुन्हा डागावर.

शेजारी मफलर गुंडाळलेले एक आजोबा होते. म्हणाले, “पहिल्यांदाच येताय का?”

“हो. काय करायचं असतं?”

“काही नाही. ऐकायचं. मध्ये उठायचं मात्र नाही, कलाकाराचा अपमान होतो.”

मग पडदा सरकला. मधोमध बाई, डावी-उजवीकडे तबला नि पेटी, आणि मागे दोन तंबोऱ्यांमागे एक कॉलेजातली मुलगी आणि शैला. मी लगेच पत्रक वर घेतलं. ती कोणती साडी नेसलीये, एवढंच पाहिलं. पुढे तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

घरी मी शैलाचं गाणं ऐकलेलं ते स्वयंपाकघराच्या दारातून, मोबाईलमधल्या तंबोऱ्यावर, मध्येच मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या. इथे दोन तंबोरे एकदम सुरू झाले आणि मला वाटलं, आवाज कानात येत नाहीये, बसल्या जागेतून वर चढतोय. तबल्यावर थाप पडली ती मांडीखालच्या सतरंजीत कळली. बाईंनी तोडी सुरू केली, सकाळचा राग. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण त्यांनी पहिला सूर लावला आणि हॉलमधली सगळी माणसं एकदम स्वस्थ झाली. मीही झालो. थोडा वेळ मी खरोखर काळजी करायचं विसरलो होतो, आणि हे लक्षात आलं तेव्हा त्याचीही भीती वाटली.

तेवढ्यात बाईंचा हात मागे गेला. बोटं उघडली.

काही झालं नाही. तंबोरे वाजत राहिले, तबला चालत राहिला. मी पत्रकाच्या कडेवरून पाहिलं. शैलाचं तोंड मिटलेलं, नजर सरळ माझ्या दिशेने. बाईंनी जणू काही घडलंच नाही अशा सफाईने सूर उचलला आणि गाणं पुढे नेलं. आजोबा हळूच म्हणाले, “घाबरली बिचारी.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचा रविवार दिसायला लागला. शैला घरात, तोंड पाडून भाजी निवडतेय. त्याच्या पुढचाही रविवार तसाच. आणि या सगळ्याला कारण समोर बसलेला मी.

बाईंचा हात पुन्हा मागे जायच्या आत मला तिथून नाहीसं व्हायचं होतं. मी उठलो.

उठलो म्हणजे, प्रयत्न केला. मांडी घालून दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. उजवा पाय आहे की नाही तेच कळेना. मी झोकांडी खाल्ली ती थेट आजोबांच्या खांद्यावर. “अहो, बसा! बसा!” ते दबक्या आवाजात ओरडले. पत्रक हातातून सुटलं आणि डाग सगळ्या हॉलला दिसला. कार्यकर्त्या बाई डोळे वटारून हातवारे करत होत्या. लंगडत, लोकांचे गुडघे तुडवत, “सॉरी, सॉरी” पुटपुटत मी दारापर्यंत पोचलो. मागे वळून बघितलं नाही. बाहेर पडलो तसं दार माझ्यामागे लागलं.

चपलांजवळ स्टुलावर एक वॉचमन बसला होता. त्याने मला जागा करून दिली.

“काय साहेब, गाणं आवडलं नाय का?”

“माझी बायको गातेय आत.”

“मंग तुम्ही हितं काय करताय?”

“म्हणूनच तर हितं आहे.”

दाराआडून बाईंचा आवाज येत होता, मग तो थांबला. तंबोऱ्यांचं नुसतं गुंजन. आणि मग दुसरा एक आवाज लागला. आधी बारीक, जरासा थरथरता. ही ती कॉलेजातली मुलगी, असंच मला वाटलं. पण मग तो आवाज एका सुरावर जाऊन थांबला, आणि मी स्टुलाचा आधार घेतला. तो सूर माझ्या ओळखीचा होता. सगळा पावसाळा पहाटेच्या झोपेत तो मला ऐकू यायचा, लागता लागता सटकायचा, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मी कुशीवर वळून उशी कानावर घ्यायचो. आज तो सटकला नाही. तिथे स्थिर राहिला, मग सावकाश वर गेला, आणि आत कुणीतरी मोठ्याने “वा!” म्हणालं.

माझे डोळे भरून आले. वॉचमनने विचारलं, “हीच का तुमची मंडळी?” मी मान हलवली. “चांगलं म्हणत्यात की मंग,” तो म्हणाला, आणि आम्ही दोघं ऐकत राहिलो. बाईंनी तिच्याकडे आणखी एकदा हात केला असावा, कारण थोड्या वेळाने तो आवाज पुन्हा आला, या वेळी न थरथरता. मी आत जायला दार ढकललं. कार्यकर्त्या बाईंनी फटीतूनच हात जोडले आणि दार लोटून घेतलं. चूक त्यांची नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर लोक शैलाभोवती गोळा झाले होते. कुणी तिचं गाव विचारत होतं, कुणी फोटो काढत होतं. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. मी लांबून बघत चपला शोधत राहिलो. जीव भांड्यात पडला होता, आणि खरं सांगायचं तर छातीही फुगली होती. तिला मोकळं करायला आपण भर मैफलीतून उठलो, लोकांचे डोळे सोसले. हे तिला कधी सांगावं, याचाच मी विचार करत होतो.

दुपारच्या गाडीत जागा मिळाली. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं. ती खिडकीशी बसून बाहेर बघत होती. ती काहीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहिली. शेवटी मीच विषय काढला.

“मी उठून गेलो, ते बरं झालं ना?”

“कुठून उठून गेलात?”

“हॉलमधून. मला पुढेच बसवलं होतं त्यांनी. तू पहिल्यांदा गप्प राहिलीस ना, म्हणून मग मी...”

ती माझ्याकडे वळली. “तुम्ही पुढे होतात? अहो, माझा चष्मा खाली खोलीतच राहिला होता. बाईंची पाठ सोडली तर मला काही दिसत नव्हतं. पुढे सगळं पांढरं पांढरं.”

“मग गप्प का बसलीस?”

“घाबरले.”

“आणि दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदाही घाबरलेच होते. पण बाईंनी हात केला आणि मी तोंड उघडलं.” पदर सावरत ती म्हणाली, “त्यात तुमचा काही संबंध नाही हो.”

“पण गणपतीत तर तू म्हणालीस, माझा चेहरा बघून—”

“तेव्हा कुणावर तरी रागवायचं होतं. समोर तुम्हीच होतात.” आणि ती हसायला लागली. माझं लंगडत जाणं, आजोबा, डाग, वॉचमन, सगळं सांगायला लावून इतकी हसली की पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली. मग चष्मा काढून डोळे पुसले आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेली.

मला आधी वाईट वाटलं, ते लपवत नाही. माझ्या काळजीवरच हे घर चाललंय, असं मी आजवर धरून चाललो होतो. तिचं गाणं माझ्यामुळे अडलं आणि माझ्यामुळेच सुटलं, असा हिशेब मी चपलांजवळ बसून पक्का केला होता, आणि तिने तो एका वाक्यात पुसून टाकला. मग घाट उतरताना हळूहळू हलकं वाटायला लागलं. ती घाबरलेली असतानाच गायली होती, आणि कुणाच्याही मदतीशिवाय गायली होती. पुढच्या रविवारी ती नाशिकला जाणार, हे आता विचारायचीही गरज नव्हती. फक्त एक गोष्ट आजही मनाला लागून आहे. तो सूर लागला तेव्हा शैलाचा चेहरा कसा झाला होता, हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाने पाहिलं. मी नाही पाहिलं.