मुकादम बाईंचं 'चालंल'

फेब्रुवारीतला रविवार, छोटी वायनरी, आमच्या वाट्याला सात क्रेट द्राक्षं. तोडायला हौसेने आलेले आम्ही चौघे: मी, बायको, मुलगी आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर "माझा आता काय उपयोग?" म्हणणारी आई.

मुकादम बाईंना मी तीन हंगाम पाहतोय. प्रत्येक क्रेटमधला एक मणी चाखून त्या "चालंल" नाहीतर "नाय" म्हणतात. जास्त बोलत नाहीत. माझे दोन क्रेट परत आले.

ट्रॅक्टर निघाला तेव्हा आईचा क्रेट अर्धाच होता. मी माझे घड त्यात टाकू लागलो.

"साहेब, हात काढा," बाई म्हणाल्या. "आजी, सावकाश भरा. ट्रॅक्टर थांबंल."

तो वीस मिनिटं थांबला. क्रेट चढला.

आम्हाला मजुरी नव्हतीच. उलट आईनेच डब्यातला एक लाडू बाईंना दिला. त्यांनी चाखला.

"चालंल."