सोड म्हणायचं नाही

गेल्या मोसमात आमच्या फुटबॉल संघाने अठ्ठावन्न गोल खाल्ले. या मोसमात चोवीस. दोन मोसमांमधल्या सुट्टीत हा चमत्कार कोणी केला ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. सल्लागाराने. पानभर मुलाखत, हाताची घडी घातलेला फोटो आणि वर ठळक अक्षरांत ‘उंचीचं शास्त्र’. त्या फोटोतले बूट जरा नीट बघा. पांढरेशुभ्र आहेत. सात आठवड्यांत त्या बुटांना गवताचा एक डाग लागला नाही, आणि हा गृहस्थ म्हणे बचावफळी उभी करत होता.

बचावफळी उभी केली माझ्या मामाने. मी क्लबात सामन्यांचं चित्रण कापते, म्हणजे नव्वद मिनिटांतून कामाची चार मिनिटं वेगळी काढून देते. त्यामुळे कोण काय करत होतं ते मी पाहिलंय. ऐकलंयही, आणि या गोष्टीत ऐकण्यालाच जास्त महत्त्व आहे.

मामाला क्लबात अडसर म्हणायचे. तो खेळायचा तेव्हा कौतुकाने, कारण दाराला अडसर लावावा तसा तो गोलापुढे आडवा व्हायचा. पुढे गुडघा गेला, मामा बचावाचा प्रशिक्षक झाला, आणि ऑफिसातली मंडळी तेच नाव दुसऱ्या अर्थाने घ्यायला लागली. मामाला फरक कळत नव्हता असं नाही. “नाव तेच आहे ना? मग झालं,” म्हणायचा. असल्या उत्तरांनी माझं डोकं फिरतं.

त्याने लग्न केलं नाही. आमच्याच घरात, जिन्याशेजारच्या खोलीत राहतो. दाराबाहेरच्या चपला एका रेषेत लावतो, आणि मग अख्खी रेष पायाने टाचभर पुढे सरकवतो. जेवायला बसला की चार वाट्या ओळीने मांडून मीठदाणी त्यांच्यामागे उभी करतो. “आधी जेव, मग लढ,” असं आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, रोज म्हणते. घरात त्याच्या तोंडून शब्द काढायचा तर चिमटा लागतो. मैदानात मात्र असा ओरडतो की गाड्यांपाशी पेंगणारा रखवालदार टोपी सावरत उठतो.

मोसम संपल्यावर तिसऱ्या दिवशी बैठक झाली. आमच्या अध्यक्षांना सगळे फरशीवाले म्हणतात. न्हाणीघराच्या फरशांचा त्यांचा कारखाना आहे, आणि त्यांना जगातली कुठलीही वस्तू शेवटी फरशीच वाटते. “फुटली ना? उचकटा आणि नवी बसवा,” ते म्हणाले. अठ्ठावन्न गोलांवर त्यांचं चिंतन एवढंच.

मग सल्लागार उठला. त्याने पडद्यावर रंगीत ठिपके दाखवले. लाल ठिपके आपले, निळे समोरच्यांचे. ठिपके इकडून तिकडे पळाले, एकमेकांवर आदळले, आणि शेवटी असं सिद्ध झालं की आपले ठिपके बुटके आहेत.

“उंची,” तो म्हणाला. “प्रश्न फक्त उंचीचा आहे.”

मामा दाराशी उभा होता. बैठकीत तो खुर्चीवर बसत नाही. तिथूनच म्हणाला, “साहेब, सतरा गोल एका शब्दामुळे झालेत.”

“कुठल्या शब्दामुळे?”

“सोड.”

“अहो, काय सोडू?” फरशीवाले म्हणाले, आणि सगळी बैठक टेबल बडवून हसली. सल्लागार तर चष्मा काढून डोळे पुसत होता. मला इतका संताप आला की हातातली पेन्सिल मोडली.

खरं काय ते सांगते. प्रत्येक सामन्यात आमच्या गोलामागे एक छोटा माइक मी स्वतःच्या हौसेने बसवत होते. मामाने तीन दिवस सकाळी माझ्या शेजारी बसून, कानाला हेडफोन लावून अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न गोल ऐकले. पाहिले नाहीत, ऐकले. आमचा गोलकीपर पुढे येताना ‘सोड’ ओरडतो. त्याचा अर्थ, चेंडू सोड, मी येतोय. बचावपटूही एकमेकांना ‘सोड’ ओरडतात. त्याचा अर्थ, तुझा माणूस सोड आणि पुढे ये, तो मागे ऑफसाइडमध्ये अडकू दे. शब्द एक, अर्थ दोन, आणि विचार करायला अर्धा सेकंद. सतरा वेळा ज्याने चेंडू मारायचा त्याने चेंडू सोडला, ज्याने माणूस धरायचा त्याने माणूस सोडला, आणि उरलेलं काम समोरच्यांनी हसत हसत उरकलं.

हा शब्द क्लबात आणला कोणी? मामानेच, तीस वर्षांपूर्वी. त्याच्यामागे तेव्हा बारा वर्षं एकच गोलकीपर होता, आणि त्याला मामाच्या नुसत्या खाकरण्याचाही अर्थ कळायचा. दोघं खेळातून गेले, शब्द मागे राहिला. पोरं तो वारशासारखी वापरत राहिली.

मी सल्लागाराला म्हटलं, माझ्याकडे आवाज आहे, एकदा ऐका तरी. तो म्हणाला, “मी आवाज बंद करूनच बघतो. आवाजाने विश्लेषण गढूळ होतं.” आंधळ्यांची कीव करावी, पण स्वतःच्या हाताने कानात बोळे घालणाऱ्याचं काय करायचं?

तर तीन बचावपटू गेले आणि तीन उंच आले. जुन्यांपैकी एकटा गोंद राहिला. समोरच्याला चिकटला की सुटत नाही म्हणून गोंद. वय चौतीस, अकरा वर्षं मामाच्या हाताखाली. तो राहिला कारण त्याला कोणी घेतलं नाही. सात आठवड्यांनंतरचा एक सराव सामना शेजारच्या क्लबाशी बंद दाराआड ठरला, आणि फरशीवाल्यांनी नियम काढला: “त्या सामन्यात गोल झाला, तर ज्याची चूक दिसेल तो घरी. खेळाडू असो, नाहीतर तुम्ही असा, अडसर.” चूक दिसेल म्हणाले. त्यांनाही दिसण्यापलीकडे काही असतं हे माहीत नव्हतं.

मामा घरी आला, चपला लावल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईची कपडे वाळत घालायची दोरी घेऊन निघून गेला.

“माझी दोरी कुठंय?” आईने मला विचारलं.

“मामाने नेली.”

“कशाला? फास लावून घेतोय की काय?”

“चौघांना बांधायला.”

“मग बरंय,” आई म्हणाली आणि ओले टॉवेल खुर्च्यांवर टाकले.

मैदानात मामाने चौघा बचावपटूंच्या कमरेला ती दोरी एका ओळीत बांधली. चेंडू नाहीच. आठवडाभर त्यांना चेंडू दिसलासुद्धा नाही. मामा उलट्या बादलीवर बसायचा आणि नियम सांगायचा. नियम दोनच. रेष पुढे न्यायची असेल तर मधल्याने ओरडायचं, ‘वर!’ गोलकीपरला चेंडू हवा असेल तर त्याने ओरडायचं, ‘माझा!’ आणि ‘माझा’ ऐकलं की चौघांनी काही न विचारता बाजूला व्हायचं.

“कसं ओरडायचं?” मामा गोलकीपरला शिकवायचा. “वेळेवर, मोठ्यांदा, आणि ऐकणाऱ्याला शंका राहू नये असं. एकदा म्हटलंस की मग तो तुझा. चुकलास तरी तुझा.”

“आणि सोड?” गोंदने विचारलं.

“सोड म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याने मैदानाला पाच चकरा मारायच्या.”

पहिल्या दिवशी गोंदने पंचवीस मारल्या.

नव्यांपैकी मधल्या जागेवर जो आला होता त्याला क्लबात सगळे जावई म्हणत. सहा फूट चार इंच, आणि ऑफिसात त्याचं कौतुक असं की त्याच्यासाठी वेगळी खुर्ची, वेगळा टॉवेल, पाणीसुद्धा वेगळ्या बाटलीत. फरशीवाले त्याच्या खांद्यावर हात ठेवायला चवड्यांवर उभे राहायचे. हा पठ्ठ्या ओरडायलाच तयार नाही. “मी ओरडत नाही. मी खेळ वाचतो,” म्हणाला. मामा म्हणाला, “बरं, वाच,” आणि पुढे चालायची खूण केली. जावई ओरडला नाही, डावीकडचा थांबला, उजवीकडचा निघाला, आणि चौघं दोरीसकट एकमेकांच्या अंगावर कोसळले. कुंपणाशी छत्री धरून उभ्या असलेल्या सल्लागाराने वहीत काहीतरी टिपलं. बहुधा पडलेल्यांची उंची.

हा प्रकार चार दिवस चालला. पाचव्या दिवशी गोंदचा कोपर सोलवटला तेव्हा जावयाला राहवलं नाही आणि तो ओरडला, “वर!” आणि सगळे वळून त्याच्याकडे बघायला लागले. एवढ्या धिप्पाड देहातून आवाज आला तो दाराच्या बिजागरीसारखा. चिरका, बारीक, वर वर जाणारा. जावई कानापर्यंत लाल झाला. एवढं वाचन कशासाठी चाललं होतं ते तेव्हा मला कळलं.

मी तोंडावर हात धरला. मामा हसला नाही. बादलीवरून उठला, त्याच्यापाशी गेला आणि म्हणाला, “छान आहे. गर्दीत जाड आवाज बुडतो, बारीक लांब जातो. परत ओरड.”

त्या दिवसापासून जावई मामाच्या मागे मागे फिरायला लागला. कारण कोणाला कळलं नाही, सल्लागाराला तर नाहीच. पाचव्या आठवड्यात दोरी सोडली तरी चौघं दोरी असल्यासारखे चालायला लागले. मामा घरी वाट्या मांडायचा बंद झाला. आई म्हणाली, “आजारी आहेस का?”

सराव सामन्याला एकोणनव्वद मिनिटं गोल झाला नाही. फरशीवाले वर काचेमागे खूश होऊन काजू खात होते. मी खाली माझ्या यंत्रापाशी होते, मामा मैदानाच्या बाजूच्या रेषेवर. आणि शेवटच्या मिनिटाला एक उंच चेंडू आमच्या गोलापुढे उतरला. गोंद त्याच्याखाली अगदी बरोबर उभा होता, पाय उचललेला. गोलकीपर काही बोलला नव्हता, कारण चेंडू गोंदचाच होता. तेवढ्यात रेषेवरून मामा ओरडला. तीस वर्षांची सवय घशातून सुटली. त्याला वाटलं, कीपर निघालाय.

“सोड!”

नवे तिघं जागचे हलले नाहीत. त्यांना तो शब्द शिकवलाच नव्हता. पण गोंद अकरा वर्षं त्या आवाजावर चालत आला होता. त्याने उचललेला पाय खाली ठेवला. चेंडू त्याच्यासमोर टप्पा घेऊन उसळला आणि समोरच्या माणसाने तो सहज आत ढकलला.

त्या रात्री कोणी जेवलं नाही असलं काही मी सांगणार नाही. मामा नीट जेवला. मीच जेवले नाही. कारण मला माहीत होतं, चित्रणात मामा दिसतच नाही. दिसतो फक्त गोंद, समोर आलेला चेंडू उगाच सोडून देणारा चौतीस वर्षांचा माणूस. सल्लागार आवाज लावत नाहीच, पण धोका कशाला, म्हणून सकाळी ऑफिसात जाऊन मी त्या तुकड्यातला आवाज काढून टाकला. इतरांना कानात बोळे घातलेले म्हणणारी मी, मी स्वतःच्या हाताने बोळे तयार केले. गोंदला दोन मुली आहेत, हे मला ठाऊक होतं. तरी केलं.

दहा वाजता सगळे जमले. फरशीवाले, सल्लागार, भिंतीशी ओळीने चौघं बचावपटू, त्यांच्याजवळ गोलकीपर. मामा या वेळी दाराशी नव्हता. पडद्यापाशी येऊन उभा राहिला होता. तुकडा चालला, निःशब्द. गोंदने पाय खाली ठेवला, चेंडू आत गेला.

“बघा,” सल्लागार म्हणाला. “समोर चेंडू आणि गडी झोपलेला. वय झालं की असं होतं. चूक स्पष्ट दिसतेय.”

“दिसतेय खरी,” फरशीवाले म्हणाले. “चला, एक फरशी उरलीच होती, तीही काढू.”

मी गोंदकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं. तो बुटांच्या नाड्यांकडे बघत होता.

“आवाज कुठे गेला?” मामाने मला विचारलं.

“माइक बिघडला होता,” मी म्हटलं.

“बिघडला नव्हता. सामन्याआधी तार मी स्वतः बघितली होती.” मग अगदी हळू, घरात बोलतो तसं, “लाव गं.”

“मामा, राहू दे ना.”

“लाव.”

मूळ चित्रण माझ्याकडे होतं. मी ते लावलं आणि आवाज वाढवला. जरा जास्तच वाढला. प्रेक्षकांशिवायचं मैदान, बुटांचे आवाज, जावयाचं बारीक ‘वर’, आणि मग तो शब्द, असा की टेबलावरचा पेला हलला.

“सोड!”

सल्लागाराने पहिल्यांदाच काही ऐकलं असावं. तो मागे सरकला. फरशीवाल्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

“हा आवाज कोणाचा?”

गोंदने मान हलवून मामाला नको नको अशी खूण केली. मामाने दुखऱ्या गुडघ्यावर भार देऊन अंग सरळ केलं, आणि सात आठवडे गोलकीपरला शिकवलं होतं तसंच, वेळेवर, मोठ्यांदा, ऐकणाऱ्याला शंका राहू नये असं, म्हणाला,

“माझा.”

आणि भिंतीशी उभे असलेले चौघं, काही न विचारता, बाजूला झाले. मामा त्यांच्यामधून दाराबाहेर निघून गेला.