पोच न दिलेला अर्ज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती गेली ती मला सज्जन समजूनच गेली. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझ्या सोसायटीत राहत नाही.

वसई पूर्वेला आमची इमारत. मी निवृत्त मुख्याध्यापक, म्हणून अकरा वर्षं अध्यक्ष. वार्षिक सभा खाली पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. इतरांच्या सभांत हमरीतुमरी चालायची. माझ्या सभेत टेबलावर थाप पडली की बँकेतले साहेबसुद्धा वर्गातल्यासारखे गप्प बसत. केवढा माज होता मला याचा! ही शिस्त नेमकी कुणाच्या सोयीची — हा प्रश्न मला कधी पडला का? नाही पडला.

तिसऱ्या मजल्यावर मेरीबाई राहायच्या. मूळच्या वसईजवळच्या वटार गावच्या, वाडीतली फुलं-भाजी विकून संसार केलेल्या. घरात त्यांची बोली, माझ्याशी मात्र जपून, शाळेतलं मराठी. नवरा अर्धांगवायूनं व्हीलचेअरवर. लिफ्टपासून रस्त्यापर्यंत पाच पायऱ्या. पायऱ्यांच्या शेजारी उतार बांधा, म्हणजे ह्यांना रविवारी चर्चमध्ये मिस्साला नेता येईल — एवढाच त्यांचा अर्ज.

नियम असा, की सभेत विषय मांडायचा तर आठ दिवस आधी लेखी द्यायचं, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून माझी सही घ्यायची. मेरीबाई दोन प्रती घेऊन वेळेत आल्या होत्या. मी एक ठेवून घेतली. दुसरीही ठेवून घेतली. हसून म्हणालो, "अहो मेरीबाई, आपल्यात पोच कसली?" त्या ओशाळल्या. सरांवर अविश्वास दाखवला की काय, असं त्यांना वाटलं असावं.

आता खरं सांगू? — उतार जिथे यायचा, तिथे माझी गाडी उभी असायची. बस. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर सांगताना जरा तरी बरं वाटलं असतं.

सभेत विषय संपत आले तशा त्या उभ्या राहिल्या. मी विचारलं, "पोच आहे?"

"सर, कागद मी तुमच्याच हातात दिला ना?"

"माझ्या हातात? काहीतरीच काय बोलता!"

लोक हसले. त्या बसेनात — पुन्हा तेच म्हणाल्या. मी थाप मारली. आणि इतिवृत्तात स्वतःच्या हातानं लिहिलं, की सदस्येने खोटा आरोप करून सभेत गोंधळ घातला, त्यांना समज देण्यात आली. गोंधळ! त्या अख्ख्या पार्किंगमध्ये खोटं बोलणारा एकटा मी होतो — आणि समजही मीच दिली.

त्यानंतर त्या सभेला आल्या नाहीत. फादर महिन्यातून एकदा घरी येऊन त्यांच्या नवऱ्याला कम्युनियनचा प्रसाद देत. दीड वर्षानं तो माणूस गेला. त्या पाच पायऱ्या तो उतरला तो शवपेटीतून.

खाली गर्दी जमली होती. मी नेहमीसारखा पुढे झालो, लोकांना दोन्ही बाजूंना उभं केलं, वाट मोकळी केली. गास गावात दिलेली त्यांची लेक माझे हात धरून रडली — "सर, तुम्ही होतात म्हणून सगळं नीट झालं." आईनं तिला काहीच सांगितलं नव्हतं. मेरीबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आणि मी म्हणालो, "अगं, माझं कर्तव्यच आहे ते."